दोन उपडे पेले

“दोघं राजीखुशीने एकत्र येतायत, तर तुमच्या पोटात का दुखतं?”

प्रश्न खरं तर तिचा नव्हता, पैजेचा होता. शाळेच्या हॉलमध्ये ‘मोठेपणी कोण व्हायचं’ या मालिकेतलं व्याख्यान चाललं होतं आणि त्या दिवशीच्या पाहुण्या होत्या स्पर्धा आयोगाच्या बाई. स्पर्धा म्हटल्यावर निम्म्या मुलींना धावण्याच्या शर्यती वाटल्या, उरलेल्यांना गाण्याच्या. बाईंनी मात्र सांगितलं, की दोन मोठ्या कंपन्या एक व्हायला निघाल्या की आधी आमच्या दारात येतात, आणि त्यात कुणाचं नुकसान दिसलं तर आम्ही नाही म्हणतो. हे ऐकताच तिच्या डाव्या कानात चष्मा आणि उजव्या कानात लांबी एकदमच कुजबुजल्या, “विचार की! हिंमत असेल तर विचार. नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं तुझ्या खांद्यावर.” चष्मा आणि लांबी या तिच्या जिवलग मैत्रिणी, एकीला चष्मा होता आणि दुसरी लांब होती, नावं ठेवण्यात तिघींनी कधी फार डोकं खर्ची घातलं नव्हतं. तिला स्वतःला गेल्या वर्षीपर्यंत ‘गप्पू’ म्हणत. हजेरीला “हजर” म्हणतानासुद्धा तिचा आवाज घशातल्या घशात चप्पल शोधत बसायचा. मग या वर्षी काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. उंची वाढावी तसा आवाज वाढला, एके दिवशी तिने हात वर केला आणि हात वर केल्यावर काही म्हणजे काहीच कोसळलं नाही, हा शोध तिला विजेच्या शोधापेक्षा मोठा वाटला. तेव्हापासून तिचं नाव ‘माइक’. तर माइक उभी राहिली, विचारून मोकळी झाली, हॉल खदखदला आणि मुख्याध्यापिकांच्या भुवया पार केसांत गेल्या.

बाई रागावल्या नाहीत. छोट्या चणीच्या होत्या, पायांत मात्र डोंगर चढायला निघाल्यासारखे बूट. त्या म्हणाल्या, “लग्न असतं तर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या असत्या गं. पण समज, तू एक पुस्तक लिहिलंस. एक प्रकाशक म्हणाला, मी एवढे देतो. दुसरा म्हणाला, मी त्याहून जास्त. उद्या ते दोघं एक झाले, तर तू कुणाकडे जाशील?”

“तिसऱ्याकडे.”

“आणि तिसऱ्याला तुझं पुस्तक नको असलं तर?” मग त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, “वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आलीय म्हणून सांगायला हरकत नाही. खार आणि कंदील. तुमच्या दप्तरांतही असतील त्यांची पुस्तकं. त्यांचं म्हणणं असं, की आमचे रस्तेच वेगळे, एका पुस्तकाच्या मागे आम्ही दोघं कधी लागतच नाही, मग एक झालो तर कुणाचं काय जातं? हे खरं असेल तर माझंही काही जात नाही. खोटं असेल तर कुणीतरी पुढे येऊन तसं सांगायला हवं. लेखक घाबरतात, पुढचं पुस्तक घेऊन त्याच दारात जायचं असतं ना. येत्या बुधवारी खुली सुनावणी आहे. कुणीही यावं.”

“कुणीही म्हणजे?” हा प्रश्न पैजेत नव्हता. तो तिच्या तोंडून निसटला.

“कुणीही म्हणजे कुणीही.”

ती खाली बसली. चष्म्याने पाठीत धपाटा घातला, लांबीने मांडीला चिमटा काढला, पैज जिंकल्याचा तो राजेशाही सन्मान होता. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. कारण खार म्हणजे बाबा होता आणि कंदील म्हणजे आई होती.

अगदी लहान असताना तर तिला हे शब्दशः खरं वाटायचं. घरातल्या लांबलचक कपाटात डावीकडे कंदिलाची पुस्तकं होती, कण्यावर तळाशी बोटभर पिवळा कंदील. उजवीकडे खारीची, कण्यावर शेपूट उभारलेली तपकिरी खार. मधे एक रिकामी फळी, तिच्यावर तिच्या बाहुल्या. आई कंदील प्रकाशनात संपादक, बाबा खार प्रकाशनात संपादक, आणि दोघांचं खातंही नेमकं एकच, माणसांच्या आठवणींची पुस्तकं. एकमेकांना चिडवल्याशिवाय त्यांचा चहा गळ्याखाली उतरत नसे. “अरे, भांडी तशीच पडलीत, जरा खारीचा वाटा उचल,” आई म्हणायची. बाबा फडका खांद्यावर टाकून उठायचा आणि म्हणायचा, “उचलतो. पण तुमच्या कंदिलाची काच कुणीतरी पुसा हो, परवाच्या पुस्तकात एक माणूस पान उलटल्यावर परत जिवंत झालाय.” आई सांडशी घेऊन मागे लागायची. शेजाऱ्यांना वाटायचं, यांचं काही धड नाही. तिला मात्र भिंतीपलीकडून येणारा तो आवाज ऐकत झोपायची इतकी सवय होती, की एकदा आई परगावी गेली तर घर बंद पडलेल्या घड्याळासारखं वाटलं होतं.

आणि पेल्यांचा कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण तिच्या जन्माच्या आधीपासून चालू होता. बाबाच्या पिशवीत असं एखादं हस्तलिखित आलं, की जे कदाचित आईच्याही पिशवीत असेल, तर तो जेवणाच्या टेबलावर आपला पेला उपडा ठेवायचा. अर्थ एवढाच, की आज मला कामाचं काही विचारू नकोस. आईकडेही तसंच काही आलेलं असलं तर ती मुकाट्याने आपला पेला उपडा करायची. एक उपडा पेला म्हणजे सावधान. दोन उपडे पेले म्हणजे लढाई. मग दोघं पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचे, वेगवेगळे, आणि टेबलावर हवा, दातदुखी, शेजाऱ्यांचं मांजर असल्या बिनधोक विषयांवर इतक्या सभ्यपणे बोलायचे, की तिला गुदगुल्या व्हायच्या. बाबा कसलीतरी धून गुणगुणत हिंडायचा, आई झाडांना दोन-दोनदा पाणी घालायची, झाडं बिचारी पोहायची. मग काही दिवसांनी एकाचा चेहरा उजळायचा, दुसऱ्याचा पडायचा, पेले सुलटे व्हायचे आणि हरलेला जिंकलेल्याला आईस्क्रीम खायला न्यायचा. हो, हरलेल्याने न्यायचं. उलटं का नाही, असं तिने विचारलं होतं, तर बाबा म्हणाला होता, “जिंकलेल्याला आता ते पुस्तक दुरुस्त करायचंय. त्याला ताकद हवी.”

शाळेतून घरी जाताना, फुटपाथवरच्या सैल फरशा चुकवत, झेरॉक्सच्या दुकानातून येणारा कोमट कागदाचा वास छातीत भरून घेत ती चालली होती. एकाच पुस्तकाच्या मागे आम्ही दोघं कधी लागतच नाही. मग ती काय चौदा वर्षं पेल्यांचं नाटक बघत होती? रागाने तिने एक रिकामी बाटली लाथाडली, ती गडगडत थेट एका आजोबांच्या काठीशी गेली, आणि ‘सॉरी आजोबा’ म्हणून ती बाटली उचलताना तिला आठवल्या क्रेनवाल्या बाई.

ती तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. बंदरावर सगळं आयुष्य क्रेन चालवलेल्या एका बाईंनी आठवणी लिहिल्या होत्या आणि त्या आठवणींवरून घरात आजवरची सगळ्यात मोठी लढाई जुंपली होती. त्या सकाळी दोघंही घरून काम करत होती. बाईंच्या वतीने पुस्तक विकणारा मध्यस्थ आळीपाळीने दोघांना फोन करायचा. समोरच्याने बोली वाढवलीय, तुम्ही वाढवता का? बाबा बाथरूममध्ये, उपड्या बादलीवर बसून, दार लावून. आई बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरींच्या आड. मधल्या बोळकांडीत ती, हातात अर्धं सोललेलं केळं. इकडून “वाढवतो,” तिकडून “आम्हीही वाढवतो.” तिला तो खेळच वाटत होता, लपाछपीसारखा, ज्यात दोघं लपलीत आणि राज्य कुणावरच नाही. मग चादरीआडून आईचा आवाज आला, फोनवरचा नव्हे, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा, “आता याच्या वर काही आपल्याच्याने होत नाही.” आणि ती धावली. बाबाच्या दारावर केळ्याच्या हाताने थापा मारत ओरडली, “बाबा, बाबा, आईचं संपलं! आईचं संपलं!”

आत बादली सरकली. मग बाबाचा आवाज, हळू, “आम्ही थांबतो. हो, नक्की. त्यांना देऊन टाका.”

पुस्तक कंदिलाचं झालं. आईला हे कळलं तेव्हा ती आनंदाने नाचेल असं तिला वाटलं होतं. पण आई इतकी भडकली, की चादरी तशाच काठीवरून ओढून काढल्या. “माझ्यावर दया केलीस?”

“दया कसली? तुझं संपल्याचं कानावर आलं. आता मी एक पायरी वर चढलो असतो तर ती चोरी झाली असती.”

“आणि थांबलास त्याने काय झालं? तुझी अजून चढायची तयारी होती ना? मीही वरच्यांच्या हातापाया पडून एकदा वाढवून आणलं असतं. ते सगळं त्या बाईंना मिळालं असतं. तुझ्या कानाची भरपाई त्यांनी का करायची?”

बाबाने मान खाली घातली होती. एवढं मात्र तिला लख्ख आठवत होतं, आणि काठीवर अडकून राहिलेला एकच चिमटा. तेव्हा ते तिला मोठ्यांचं कोडं वाटलं होतं. आज फरशा चुकवता चुकवता ते आपोआप सुटलं. एकाच घरात दोन बोली लावणारे राहू शकतात, पण दोघांना मिळून एकच कान असला तर बोली संपते. कुणाचीही वाईट इच्छा लागत नाही. प्रेमानेसुद्धा संपते.

पुढे त्या क्रेनवाल्या बाई एकदा घरी चहाला आल्या होत्या. कपबशी त्यांच्या पंजात खेळण्यातली वाटत होती. बाबाकडे बोट दाखवून त्या हसत म्हणाल्या, “म्हणजे हेच का ते दुसरे?” आणि मग कपाकडे बघत, “खरं सांगू, पैसे काय, येतात नि जातात. पण घरी मध्यस्थाचा पहिला फोन आला, आणखी एक जण मागतोय म्हणून, तेव्हा मी खुर्चीत बसलेली उभी राहिले. मला आयुष्यात कधी दोघांनी मागितलेलं नव्हतं हो.” आई आणि बाबा एकदमच उठून चहा ओतायला गेले होते आणि किटलीपाशी एकमेकांना धडकले होते.

विलीनीकरणाची बातमी आल्यापासून पेले सुलटेच होते. सुरुवातीला तिला बरं वाटलं. टेबलावर पाणी मिळायचं. लांबी तर म्हणाली होती, “नशीबवान आहेस, आमच्याकडे रोज खणाखणी.” पण ही शांतता तशी नव्हती. बाबाने एकदा नव्या कंपनीच्या चिन्हाचा विनोद करून पाहिला, “कंदील धरलेली खार, शेपटाला चटका बसतोय,” आणि आई हसली, चक्क समजूतदारपणे हसली, सांडशी जागची हलली नाही. झाडं वाळायला लागली होती. तिला वाटायचं, घरात कुणीतरी आजारी आहे आणि कोण ते तिला सांगत नाहीयेत.

त्या दुपारी बाबा लवकर घरी आला होता आणि मटार सोलत बसला होता. हॉलमधली हकिगत तिने साभिनय ऐकवली, बाईंचे बूट, भुवया सगळं. बाबा हसला, मग तिने “तुम्ही दोघं जाऊन का नाही सांगत?” म्हटल्यावर थांबला.

“सह्या घेतल्यात बाई आमच्या. दोन्ही कचेऱ्यांनी. या विषयावर बाहेर चकार शब्द काढायचा नाही.” एक शेंग त्याने उगाचच दोनदा उघडली. “ऐक, आईला बोलणार नसशील तर एक सांगतो. नव्या कंपनीत आठवणींच्या पुस्तकांना एकच संपादक ठेवणार. आम्हा दोघांतला एक. सोमवारी मी त्यांना सांगणार आहे, की मी जातो.”

“का पण?”

“कारण ती माझ्यापेक्षा चांगली आहे. हे मी तिला मेलो तरी सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस.”

“मग तू काय करशील?”

“मटार सोलीन,” बाबा म्हणाला आणि एक दाणा तिच्या नाकावर मारला.

दुसऱ्या दिवशी आई तिला शाळेचे बूट घ्यायला घेऊन गेली. दुकानात चामड्याचा आणि नव्या खोक्यांचा वास, आरशात फक्त पाय. आई गुडघ्यांवर बसून बुटाचं टोक दाबत होती, “अंगठा कुठाय? हलव. जागा हवी पुढे, वाढतेयस.” आणि मान वर न करताच म्हणाली, “बाबाला बोलू नकोस हं. मी सोडतेय. सोमवारी सांगणार आहे. त्यांना एकच माणूस हवंय. तो जितकं खोल वाचतो ना, तितकं मला नाही येत, मी नुसती पटापट ठरवते. आणि त्या कामाशिवाय तो कोमेजेल. माझं काय, मी कुठेही तग धरेन.”

ती फिस्सकन हसली. हसू आवरेचना. “हसतेस काय कार्टे?” आई दुखावली गेली. “काही नाही, गुदगुल्या होतायत,” ती म्हणाली, आणि आरशातल्या नव्या बुटांकडे बघत राहिली. परत तीच बोळकांडी. इकडे एक दार, तिकडे चादर, मधे ती. फरक इतकाच, की या वेळी दोघं वर नव्हे, खाली बोली लावत होती. कोण जास्त हरतं याची चढाओढ चालली होती आणि सोमवारी दोघंही जिंकणार होती. कपाटातल्या पुस्तकांच्या जागी काय येईल? चिमटीत कंदील धरलेली ती बिचारी खार. आणि कुठल्यातरी बंदरावर, कुठल्यातरी कारखान्यात, कुणीतरी बाई आत्ता आपलं लिहून पुरं करत असेल, तिच्या घरी फोन वाजेल, एकदाच. ती खुर्चीत बसलेली बसूनच राहील.

गप्पू असती तर तिने दोघांचंही पोटात ठेवलं असतं आणि उशीत रडली असती. गेले दोन दिवस ती ते करूनही पाहत होती, नाही असं नाही. पण आवाज एकदा घशातून बाहेर पडायला शिकला की परत आत जायला तयारच होत नाही. शनिवारी वाचनालयात जाऊन तिने जुनी वर्तमानपत्रं काढायला लावली आणि ती नोटीस स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. बाई बरोबर बोलल्या होत्या. कुणीही. वयाची अट शोधली, नव्हती. चष्म्याला आणि लांबीला तिने काही सांगितलं नाही. ही पैज कुणी लावलेली नव्हती.

रविवारी सकाळी आई आमलेट उलटत होती, बाबा टोस्टची जळकी कड सुरीने खरवडत होता, खिडकीतून आलेलं ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत पोचलं होतं. ती उभी राहिली. बसून बोलायचं ठरवलं होतं, पण पाय आपोआप उभे राहिले.

“बाबा, आई उद्या नोकरी सोडतेय. आई, बाबापण उद्या सोडतोय. तू चांगली आहेस म्हणून तो, तो खोल वाचतो म्हणून तू. दोघांनी मला सांगू नकोस म्हटलं होतं, पण एकाचं दुसऱ्याला सांगितलं की गडबड होते हे मला माहितीय. म्हणून दोघांना एकदम सांगतेय.”

सुरी थांबली. आमलेट करपायला लागलं, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. आई बाबाकडे अशी बघत होती, की तसं तिने खूप दिवसांत बघितलं नव्हतं.

“मूर्ख आहेस का तू?” आई म्हणाली.

“मी? आणि तू कोण गं मोठी शहाणी? माझ्यासाठी नोकरी सोडणारी?”

“तुझ्यासाठी कशाला मरायला! मला कंटाळा आला होता.”

“खोटं! परवा बसस्टॉपवर उभ्या उभ्या तू हस्तलिखित वाचत होतीस, दोन बस सोडल्यास, मी समोरून बघत होतो.”

“पाळत ठेवतोस माझ्यावर?”

आवाज चढला, भांडं आदळलं, आणि तिला इतक्या महिन्यांनी घर परत चालू झाल्यासारखं वाटलं. पण तिचं संपलं नव्हतं. तिने टेबलावर थाप मारली, जरा जास्तच जोरात, हात झिणझिणला. दोघंही तिच्याकडे वळली.

“पुढे ऐका. बुधवारी सुनावणीला मी जाणार आहे.”

“कुठे?” बाबा म्हणाला, आणि त्याला कळलं. “अगं, तिथे काय सांगणार तू? आणि नाव कळलं की आम्ही कोण ते लगेच—”

“पुस्तकांची नावं घेणार नाही, बोली सांगणार नाही. एवढंच सांगणार, की ते म्हणतात तसं नाहीये, ही दोघं एकाच पुस्तकाच्या मागे लागतात, मी जन्मल्यापासून बघतेय. सह्या तुम्ही केल्यात. मी कुठेही सही केलेली नाही.”

“कंपनीला कळलं तर नोकरी जाईल,” आई म्हणाली. आईचा आवाज मात्र तिच्याच शब्दांच्या बाजूने नव्हता.

“दोघंही उद्या सोडणारच होतात ना? मग आता घाबरायचं कशाला?”

 बाबाने आईकडे पाहिलं, आईने गॅस बंद केला.

“आणि समज, तू सांगूनही ते एक झाले तर?” आईने हळूच विचारलं.

“तर झाले. पण कुणी बोललंच नाही म्हणून झाले, असं होणार नाही.” तिचा आवाज जरासा कापला, तिने तो कापू दिला. “मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. बुधवारी शाळेला रजा. रजेच्या अर्जावर शाळेला एकाच पालकाची सही चालते. मला नाही चालणार. मला दोघांची हवीय.”